सर्कलसाहेब येणार म्हणून

"हे आमच्यात बसत न्हाई, मावशी," असं म्हणून हवालदाराने पेरूची फोड तिखटमिठात बुडवली.

"बसवा की मंग कसंबी," भागूबाई म्हणाली. "लई लांबून आलेय मी."

"अवो बसवा म्हंजे? ही काय एसटी हाय? मारामारी झाली का?"

"न्हाई."

"शिवीगाळ?"

"न्हाई बा. दादाभाऊ शिव्या देत न्हाई. गळ्यात माळ हाय त्याच्या."

"डोकंबिकं फुटलं कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई."

"मंग आमी येऊन काय करावं, तुमीच सांगा." हवालदार तसा वाईट माणूस नव्हता. त्याने पेरूची एक फोड तिच्यापुढेही केली. "रस्ता अडीवला ना? त्ये महसूलचं काम. कचेरीत जा. आन् उद्या त्यावरनं डोकं फुटलं, तर बिनधास्त या. लगीच लिहून घेतो."

कुणी हातावर काही ठेवलं तर नको म्हणायचं नसतं, म्हणून भागूबाईने पेरू घेतला. तक्रार करायला आलेली बाई पेरू खात खात चौकीच्या पायऱ्या उतरली.

भांडणतंटा हा तिचा प्रांतच नव्हता. तळेघरच्या पुढे डांबरी सडक सोडून चढाला लागलं की खाली भाताची खाचरं, वर नाचणीचे तुकडे आणि मधे विखुरलेली घरं. त्यातलं सगळ्यात वरचं घर तिचं. वस्तीवरच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. सकाळी चूल, दुपारी पोरांच्या ताटल्या, संध्याकाळी शेरडं. बस्स, संपली गोष्ट. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे तिचं आदरातिथ्य. शाळा तपासायला आलेला साहेब असो नाहीतर भीमाशंकरला जाताना वाट चुकलेली शहरातली पोरं असोत, भागूबाईच्या दारातून कोरड्या घशाने कुणी परत गेलं नव्हतं. लोक म्हणायचेच, "भागूच्या घरी चोर शिरला ना, तरी आधी च्या पिईल आन् मंग चोरी करील."

तर अशा बाईला कायद्याच्या दारात कुणी उभं केलं? एका हिरड्याच्या झाडाने.

हिरड्याचा हंगाम होता. तिचा नवरा गेणभाऊ झाडावर चढला, जसा जन्मभर चढत आला होता. फांदी मोडली आणि तो खालच्या खडकावर आला. खुब्याचं हाड गेलं. मंचरला ऑपरेशन झालं, हाडाला लोखंडी पट्टी बसली, आणि डॉक्टर म्हणाले, "बाबा, चालाल तुम्ही. पण दर आठवड्याला व्यायामाला यायचं. खाडा केलात तर सांधा धरून बसेल, मग मला हाका मारू नका."

गेणभाऊ एकही खाडा न करता जायचा. पप्पूची भाड्याची जीप दाराशी यायची, दोघंजण त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवायचे, आणि हा गडी लग्नाला निघाल्यासारखा केस चोपून बसायचा. दिवाळीपर्यंत काठी आणि भागूबाईचा खांदा धरून तो अंगणात चार पावलं टाकायला लागला होता. "भागे, होळीला मी नाचनार," असं त्याने जाहीरच करून टाकलं होतं.

आणि दिवाळी सरता सरता दादाभाऊने रस्ता बंद केला.

दादाभाऊ म्हणजे गेणभाऊचा चुलतभाऊ. घराकडे येणारी गाडीवाट त्याच्या रानातून यायची. कधीपासून, ते कुणालाच माहीत नाही. दोन्ही घरांच्या वराती त्याच वाटेने आल्या होत्या. पण दादाभाऊने आता शहरातल्या पाहुण्यांसाठी तंबू लावले होते. निळे, नारिंगी, टुमटुमीत. तंबूच्या मधून शेरडं आणि जिपा गेल्या तर पाहुण्यांची झोपमोड होते म्हणे! म्हणून त्याने त्याच्या हद्दीच्या शेवटी, बरोब्बर भागूबाईच्या अंगणाच्या तोंडाशी, दगड रचले, तारा ओढल्या आणि वर करवंदीची काटेरी झुडपं टाकली.

"वड्याकडनं हाय की वाट," तो म्हणाला.

होती. शेरडांची होती. ओढ्यातल्या धोंड्यांवरून उड्या मारत जायची. त्या वाटेने गेणभाऊला एकदा घोंगडीच्या झोळीत घालून नेलं. ओल्या धोंड्यावरून एकाचा पाय सरकला, झोळी आपटली, आणि गेणभाऊ असा ओरडला की वरच्या रानातले मोर गप्प झाले. घरी आल्यावर त्याने सांगून टाकलं, "असं मेल्याव न्या मला. जित्तेपनी न्हाई."

रस्ता नाही म्हणजे जीप नाही, आणि जीप नाही म्हणजे व्यायाम नाही. सांधा धरायच्या आत रस्ता उघडायला हवा, एवढीच तिची मागणी होती.

कचेरीत मात्र मागणी सांगण्याआधी ती कोणत्या टेबलाची ते शोधावं लागतं. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरं टेबल जेवायला गेलं होतं. चौथ्या खेपेला तिथल्याच एका चहावाल्याला तिची दया आली. "मावशे, अशी किती फिरशील? तकडं कोर्टाच्या आवारात फुकाट वकील मिळतो. सरकारच देतं. बाईमाणसाला तर एक पैसा पडत न्हाई."

फुकट म्हटल्यावर भागूबाईला आधी संशयच आला. पण तिथे खोलीत बसलेली वकील निघाली जेमतेम पोरगेलीशी, जागृती नावाची. भागूबाईने तिला निरखून बघितलं आणि तिचा चेहराच फुलला.

"तू सुवालालशेटची का गं? कापडाच्या दुकानातली?"

"नात त्यांची," जागृती हसली. "ओळखता तुम्ही?"

"आगं, माझ्या लग्नाचं लुगडं तुझ्या आज्यानं फाडून दिलं! मापात चार बोटं जास्तच सोडायचा म्हातारा."

झालं. त्या चार बोटांच्या जोरावर भागूबाईने घडाघडा सगळं सांगितलं. जागृतीने ऐकून घेतलं, मधे मधे लिहून घेतलं, आणि म्हणाली, "मावशी, वहिवाटीचा रस्ता असा बंद करता येत नाही. तहसीलदारांना तो खुला करून द्यायचा अधिकार आहे. आपण अर्ज करू. सर्कलसाहेब, म्हणजे महसूलचे मंडळ अधिकारी, जागेवर येऊन बघतील आणि मग निकाल होईल."

"म्हंजे उघडल?"

"उघडायला पाहिजे."

एवढ्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा तिच्या बाजूचं बोललं होतं! त्या दिवशी एसटीत भागूबाईने शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं, "माझी वकील हाय."

पण कायद्याची चाल म्हणजे गाभण म्हशीची चाल. कधी साहेब मीटिंगला, कधी निवडणुकीच्या कामाला. कधी दादाभाऊचा वकील तारीख मागायचा, कधी दादाभाऊच यायचा नाही. भागूबाई प्रत्येक तारखेला शाळेत बदली बाई ठेवून जायची, कचेरीबाहेरच्या कट्ट्यावर बसायची, आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. गंमत म्हणजे दादाभाऊ यायचा त्या दिवशी दोघं एकाच एसटीने परतायचे. जागा नसली की तो उठून तिला जागा द्यायचा. "बसा वयनी. पाय दुखत्याल." असा तो शत्रू!

इकडे गेणभाऊ बाजेवर पडून होता. भागूबाई रोज तेल लावून त्याचा पाय मुडपायचा आणि सोडायचा प्रयत्न करायची, डॉक्टरांचं बघून बघून, जमेल तसा. होळी आली. पोरांनी बोंबा मारल्या, ढोल वाजले. गेणभाऊने बाजेवरूनच टाळ्या वाजवल्या. नाचण्याचा विषय कुणी काढला नाही.

आणि मग एका दुपारी कोतवाल शाळेत आला. खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता भागूबाईने ऐकलं, "उद्या सकाळी सर्कलसाहेब येनार. जागा बघाया. घरी ऱ्हावा."

तिने पातेलं तसंच चुलीवर ठेवलं आणि घरी पळत सुटली.

"अवो! सायेब येनार! आपल्या दारी!"

गेणभाऊ कोपरावर उठून बसला. "कुनाच्या? आपल्या?" आयुष्यात त्याच्या दारी तलाठीसुद्धा आला नव्हता. "मंग भागे, घर सारव. माझा पांढरा सदरा काढ. आन् पोह्याला शेंगदानं हायेत का बघ."

ती अंगणात आली आणि थबकली. समोर दगड, तारा, करवंदीचे काटे. साहेब यायचा कुठून? ओढ्याकडून, धोंड्यांवरून उड्या मारत? एवढा मोठा माणूस, तिच्यासाठी एवढ्या लांबून येणार, आणि त्याला तिने काट्यांतून आणायचा? भागूबाईला नुसत्या कल्पनेनेच लाज वाटली.

चुलीजवळ उभं राहून दूध उतू जाऊ देणार नाही, अशी शहाणी बाई. पण त्या संध्याकाळी ती दादाभाऊच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, "भाऊजी, भांडान भांडनाच्या जागी. पन उद्या सायेब येतोय. एक दिस रस्ता उघडा. पावना काट्यातनं आला तर तुमचीबी अब्रू जाती, माझीबी जाती."

दादाभाऊ हळूच म्हणाला, "बराबर हाय वयनी. पावना त्यो पावना."

त्याने स्वतः तारा सोडल्या. एवढंच नाही, चहाला तांब्याभर दूधही पाठवून दिलं.

दिवस मावळेपर्यंत आणि पुन्हा उजाडताच भागूबाई त्या वाटेवर राबली. रचलेले दगड उचलून बांधाला लावले. काटे वेचून जाळले. जीप आपटते म्हणून खड्ड्यांत मुरूम भरला, तुडवून तुडवून दाबला. वर पाण्याचा सडा मारला, आणि अंगणाच्या तोंडाशी रांगोळीचं कमळ काढलं. गेणभाऊ बाजेवरून हुकूम सोडत होता, "त्या आंगाला अजून येक पाटी टाक! तिथं चाक बसतंय!" कित्येक दिवसांत दोघं इतकी खुशीत नव्हती.

सर्कलसाहेबांची जीप थेट अंगणात आली. साहेब उतरले, चष्मा पुसला, आणि मागे वळून वाटेकडे बघितलं. बरोबर तलाठी, कोतवाल, आणि पंच म्हणून वस्तीवरचा सुदर्शन. दादाभाऊ टोपी नीट करत बाजूला उभा.

"छान आहे की हो रस्ता," साहेब म्हणाले.

"हिनंच केलाय, सायेब!" गेणभाऊ पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसून म्हणाला. "सकाळधरनं राबतीया."

साहेबांनी पोहे खाल्ले. आणखी घेतले. शेंगदाण्यांचं कौतुक केलं. मग मांडीवर पॅड ठेवून लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "वादातील रस्ता समक्ष पाहिला. रस्ता खुला असून वाहन जाण्यायेण्यास योग्य आहे."

भागूबाईने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"न्हाई सायेब, खुला न्हाई. बंद हाय."

"आम्ही आलो ना जीप घेऊन?"

"ते आज. कालपत्तुर तारा व्हत्या. काटं व्हतं. तुमी येनार म्हनून मीच भाऊजींना म्हनलं, उघडा."

"आणि त्यांनी उघडला?"

"व्हय."

"म्हणजे मागितल्यावर उघडतात," साहेबांनी दादाभाऊकडे बघितलं. "मग अर्ज कशाला केला बाई?"

"सायेब, घरातलीच गोष्ट हाय," दादाभाऊ नम्रपणे म्हणाला. "वयनीनं मागितला, मी दिला. मी कदी न्हाई म्हनलो का? इचारा त्यांना."

खोटं तर तो काहीच बोलला नव्हता. भागूबाईने सुदर्शनकडे बघितलं. "सुदर्शन, तू तरी सांग. रोज बघतोस ना रं?"

सुदर्शनची बायको दादाभाऊच्या तंबूत स्वयंपाकाला जायची. त्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "रस्ता हाय सायेब... म्हंजे... हितं हायेच की रस्ता."

"मावशी, मला दिसतं तेच मी लिहितो," साहेब समजावून म्हणाले, आणि ते खरंच समजावत होते, रागावले नव्हते. "काल काय होतं ते मी बघितलं नाही. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. इथे सही करा."

सही तिला येत होती. साक्षरतेच्या वर्गात शिकली होती, आणि कधी करायला मिळाली की तिला अभिमान वाटायचा. पाव्हणा पेन पुढे करून थांबलाय, त्याला कसं ताटकळत ठेवायचं? तिने सही केली.

जीप रांगोळीवरून वळून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून परतली तेव्हा तारा जागच्या जागी होत्या. दादाभाऊने दगडही पुन्हा रचले होते. तिने बांधाला नीट लावून ठेवल्यामुळे त्याला फारसे शोधावे लागले नसणार.

निकाल लागायला आणखी बरेच दिवस गेले. कचेरीतून कागद आणून तिने जागृतीपुढे ठेवला. जागृतीने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"अर्ज फेटाळला, मावशी. रस्ता खुला आहे म्हणून." भागूबाईने त्या दिवशीचं सगळं सांगितलं, तशी तिने मान वर केली. "तुम्ही स्वतः साफ केलात?"

"मंग काय करायचं व्हतं? काट्यातनं आनायचा व्हता त्यांना?"

"हो," जागृती म्हणाली. "काट्यांतूनच आणायचं होतं." आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "मी सांगायला पाहिजे होतं तुम्हाला. असंही काही सांगावं लागतं, हे मला सुचलंच नाही. त्या दिवशी माझी दुसरीकडे तारीख होती, नाहीतर मी आले असते."

"तुझी काय चूक न्हाई, बाय."

"आपण थांबायचं नाही. पंचनाम्यात रस्ता खुला आहे ना? मग आता जो बंद केलाय तो नव्याने बंद केलाय. नवा अर्ज करू. नाहीतर वर प्रांतसाहेबांकडे अपिलात जाऊ. मार्ग आहे, मावशी." ती भराभर बोलत होती, कलमं सांगत होती, टेबलावर बोटाने पायऱ्या काढून दाखवत होती. सगळं बरोबर असणार. पोर हुशार होती.

"पुन्यांदा सायेब येतील?"

"येतील."

"कदी?"

जागृतीचं बोट टेबलावर थांबलं. "ते नाही सांगता येणार."

भागूबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. का कुणास ठाऊक, तिलाच त्या पोरीचं वाईट वाटलं.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले आणि नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन अंगणातल्या बाजेच्या कडेला बसली. तिने पाय उचलला. आधी गुडघा दोन बोटं तरी वळायचा. आज सगळा पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा, एकसंध वर आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग आणखी एकदा, जोर लावून. गेणभाऊने दात आवळले, पण ओरडला नाही.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"पुन्यांदा अर्ज करायचा म्हनती."

"कर की."

तारांच्या पलीकडे एक पांढरी मोटार येऊन थांबली. तिच्यातून शहरातली माणसं उतरली, एक लहान मुलगीही उतरली. मुलीने तंबू बघून टाळ्या पिटल्या, मग अंगणात बाजेवर बसलेला म्हातारा दिसला म्हणून हात हलवला. गेणभाऊनेही हात हलवला. ती आत पळून गेली तरी त्याचा हात थोडा वेळ वरच होता.

"भागे," तो म्हणाला, "माझी बाज मागल्या दाराला घे."

"तकडं काय हाय बघाया? निस्ता डोंगूर."

"म्हनूनच."

तिने पदर खोचला आणि बाज ओढायला लागली. त्याच्यासकट. अंगणातून ओसरीवर, ओसरीतून घरात. बाजेचा एक पाय उचलायचा, पुढे ठेवायचा, मग पलीकडे जाऊन दुसरा. कुणाला हाक मारावी असं दोघांनाही सुचलं नाही. मागल्या दाराच्या उंबऱ्यावर बाज अडली. गेणभाऊने दोन्ही हातांनी चौकट धरली आणि स्वतःला ओढलं; गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या. बाज उंबरा ओलांडून धाडकन बाहेर आली.

"हात अजून घट हायेत," तो धापा टाकत म्हणाला.

"हायेत की," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

समोर नाचणीचं रिकामं रान होतं आणि त्यामागे नुसता उभा कडा. गेणभाऊने थोडा वेळ तो बघितला. मग वाकून दोन्ही हातांनी आपला पाय उचलला, दुसऱ्या कुणाची वस्तू जपून ठेवावी तसा बाजेवर सरळ ठेवला, आणि त्यावर घोंगडी ओढून कडा नीट खोचून घेतल्या.